पहिले वाचू, मग घाबरू

कोणताही कागद समोर आला की ताई पहिले हात पुसत. हात कोरडे असोत, स्वच्छ असोत, त्याला इलाज नव्हता. पर्समधून रुमाल निघे, दोन्ही तळवे पुसले जात, मग चष्मा चढे आणि कागद घेऊन त्या खुर्चीत जरा मागे रेलत. कागद आणणारा माणूस नेहमीप्रमाणे घाईत असे. त्याला त्या एवढंच म्हणत, "पहिले वाचू. मग घाबरू."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. औषधाच्या खोक्यातला तो घडीघडीचा कागद पूर्ण उलगडून वाचणारं, मिठाईच्या डब्यावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेणारं. अशा माणसांना आपण हसतो. मीही पुष्कळ हसलो.

जबलपूरच्या एका खाजगी शाळेत मी चित्रकलेचा मास्तर होतो आणि ताई सामाजिक विज्ञान शिकवत. शिक्षकांच्या खोलीत मराठी घरातले आम्ही दोघंच. मुलं त्यांना 'मैडम' म्हणत, बाकीचे शिक्षक 'दीदी'. मी पहिल्याच दिवशी 'ताई' म्हटलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "अच्छा, तुम्ही आपल्यातले का? मग डबा सोबतच खात जाऊ ना सर." त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातलं अर्धं भरीत माझं झालं.

शाळेत सूचनेचा कागद फिरला की आम्ही सगळे शिपायाच्या हातातल्या पेनानेच सही करून मोकळे होत असू. ताईंपाशी मात्र तो कागद मुक्काम करी. एकदा स्नेहसंमेलनाची सूचना आली. आम्ही सह्या ठोकल्या, ताई वाचत बसल्या आणि शेवटच्या ओळीवर आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळ्यांनी आत्ता स्वतःच्या पैशानं जरीचे फेटे विकत घेतले बरं का." खरोखरच लिहिलं होतं तसं. पोशाखाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. खेळाचे सर, सहा फूट उंचीचा भला माणूस, डोक्याला हात लावून बसले. ताईंनी सही केली नाही, मुख्याध्यापकांकडे गेल्या, आणि ती ओळ खोडून घेऊनच परत आल्या. त्या वर्षी आमचे फेटे शाळेच्या खर्चाने बांधले गेले.

नर्मदेवरच्या भेड़ाघाटच्या सहलीतही तेच. मुलं नावेत बसायला उतावीळ, ऊन चढलेलं, आणि ताई घाटावरचा गंजका फलक वाचत उभ्या. नावाडी कंटाळला. "दीदी, ये बोर्ड आज तक किसी ने नहीं पढ़ा."

"लिखा तो पढ़ने के लिए ही है भैया," ताई म्हणाल्या, आणि फलकावर लिहिलेली तरंगायची जाकिटं मागितली. ती कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत कुलपात होती. किल्ली शोधण्यात अर्धी दुपार गेली. मुलं रुसली, मी चिडलो, पण प्रत्येक मुलाच्या अंगावर जाकीट चढल्याशिवाय एकही नाव सुटली नाही. ही सवय त्यांना कुठून लागली हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटे, स्वभावच चिकित्सक आहे.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बसायला वेताचा मोढा दिला. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ताईंच्या आई, मी त्यांना काकू म्हणे, बसल्या होत्या आणि दुसरीवर ताईंचे वडील, म्हणजे त्यांचा हार घातलेला फोटो. काकूंनीच खुलासा केला. घरमालकाला भिंतीत खिळा ठोकलेला चालत नाही. "मागच्या घरीही असंच. त्याच्या मागच्या घरीही. आमचे हे गेले, फॅक्टरीचं क्वार्टर सुटलं, तवापासून भिंतच नाही पाहिली त्यायनं." वडील फॅक्टरीत कारकून होते. ते गेल्यावर मायलेकींनी बरीच घरं बदलली, आणि प्रत्येक घरात त्यांचा फोटो खुर्चीवरच बसला.

ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. जिना उतरणं बंदच झालं होतं, दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी उचलून न्यावं लागे. बाकीचा दिवस त्या खिडकीत बसून खालच्या भाजीच्या गाडीवाल्याशी भाव करत आणि दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत. ताईंना घर घ्यायचं होतं ते यासाठी. तळमजला पाहिजे, दार उघडलं की रस्ता पाहिजे, आणि भिंतीत खिळा ठोकता आला पाहिजे. पगारातून वर्षानुवर्षं साठवून त्यांनी सुरुवातीला भरायची रक्कम जमवली होती. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज.

असा फ्लॅट मिळालाही. तळमजला, पुढे कडुनिंब, खालीच भाजीवाला. मी बघून आलो आणि ताईंना म्हटलं, डोळे मिटून घ्या. त्या म्हणाल्या, "डोळे मिटून कसं वाचू सर?"

कर्ज मिळवून देणारा एक एजंट मिठाईच्या दुकानाच्या वर बसे. मी त्याला ओळखत होतो, म्हणून सोबत गेलो. त्याने ताईंचं पॅनकार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि त्याचा चेहरा फुलला. "दीदी, स्कोर तो बहुत बढ़िया है. स्कूटी का लोन लिया था ना, एक भी किश्त लेट नहीं. बैंक तो हाथ जोड़कर देगी."

घराचं कर्ज देण्याआधी बँक माणसाचा असा एक आकडा बघते हे आम्हाला तोवर ऐकून माहीत होतं. तीनशेपासून नऊशेपर्यंत तो असतो, आणि साडेसातशेच्या पुढे गेला की बँकेतली माणसं खुर्ची देतात. ताईंना तो आकडा ऐकून शाळेतली मुलगी पहिली यावी तसा आनंद झाला. एजंटने फॉर्म पुढे सरकवला. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या.

ताईंनी रुमाल काढला. एजंटला सवय नव्हती, त्याने आधी चहा मागवला, मग तो प्यायला, मग दुसऱ्या गिऱ्हाईकाशी फोनवर बोलला. ताई वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. याआधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होतात का, असा तो रकाना होता.

"ये खाली छोड़ दीजिए दीदी. कोई नहीं भरता."

"पर मेरा तो है," ताई म्हणाल्या.

"शादी के बाद का सरनेम?"

"पूरा नाम. पहला भी."

एजंट माझ्याकडे बघू लागला. मी त्याला समजावलं की आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. कित्येक घरांत अजून लिहितात. माहेरची मुलगी वेगळी आणि सासरची सून वेगळी. "पहला नाम भी बदल देते हैं आप लोग?" तो म्हणाला. "कमाल है. फिर आदमी अपने को बुलाता क्या है?"

ताईंचं लग्न नागपूरला झालं होतं, टिकलं नव्हतं, कागदोपत्री फारकतही झाली होती, एवढं मला माहीत होतं. परत आल्यावर त्या माहेरच्या नावानेच शाळेत लागल्या. सासरचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या नावाचं एक वेगळं पॅनकार्डही होतं. नवीन सून, नवीन कार्ड, असं म्हणून सासऱ्यांच्या कर सल्लागाराने ते काढून दिलं होतं. दोन कार्डं ठेवणं नियमात बसत नाही हे तेव्हा त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा कुणी विचारलं नव्हतं. ताईंना नंबर पाठ होता. एजंटने तो टाकला, आणि पडद्याकडे बघून चहाचा रिकामा पेला उगाचच पुन्हा तोंडाला लावला.

त्या दुसऱ्या बाईचा आकडा चारशेच्या जरा वर होता. नवऱ्याने दुकानासाठी काढलेलं कर्ज, त्याला सहकर्जदार म्हणून तिची सही, आणि वर्षानुवर्षं न भरलेले हप्ते. नोटिसा नागपूरच्या पत्त्यावर जात राहिल्या. ताईंना या थकबाकीतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या समजुतीत ते दुकान आणि ते कर्ज केव्हाच निस्तरलेलं होतं.

एजंट वाईट माणूस नव्हता. तो आवाज उतरवून म्हणाला, "दीदी, घबराइए मत. कागज पर तो ये दूसरी औरत है. ये कार्ड चुपचाप जमा कर दीजिए, वो कॉलम खाली छोड़िए, और अपने इस नाम से लोन लीजिए. कौन पूछने आ रहा है? इनको वहीं नागपुर में रहने दीजिए."

ताईंनी विचारलं, "फॉर्म मैं घर ले जाऊँ?"

खाली उतरल्यावर त्या मिठाईच्या दुकानासमोर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सर, ती सही मी कशी केली सांगू? पोळ्या करून राहिली होती. हाताला कणीक. ते कागद घेऊन ओट्यापाशी आले. म्हणे, इथे कर, नुसती औपचारिकता आहे, माणूस बाहेर थांबलाय. मी एक बोट पदराला पुसलं आणि केली. कागदावर कणीक लागली म्हणून ओरडले ते माझ्यावर. काय लिहिलं होतं ते मी बघितलंच नाही. कर्जाचं होतं हे मागाहून कळलं, तेव्हापासून न वाचता सही नाही केली." एवढं बोलून त्यांनी रुमालाने हात पुसले. तिथे तर कागदही नव्हता. मला त्यांच्या सगळ्या वाचण्यावर केलेल्या थट्टा एकदम आठवल्या.

घरी काकू वाट बघत होत्या. ताईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि त्यांचा निकाल तयारच होता. "ते नाव आपण ठेवलं होतं का? त्यायनं ठेवलं. त्यायनंच निस्तरावं. तू काहून डोक्यावर घेऊन राहिली? त्या एजंटचं बरोबर आहे."

मलाही तसंच वाटत होतं. खोटं काही बोलायचं नव्हतं, फक्त एक रकाना कोरा सोडायचा होता, आणि त्या कोऱ्या रकान्याच्या पलीकडे कडुनिंब उभा होता. मी तसं बोलूनही दाखवलं.

ताई खाली बसल्या होत्या, आईच्या गुडघ्याला तेल लावत. मान वर न करता म्हणाल्या, "नाव त्यांनी ठेवलं आई. सही मी केली."

काकू म्हणाल्या, "मंग मी वरच मरू का?"

हे ऐकून मला उठून जावंसं वाटलं. ताईंचा हात थांबला नाही. दुसऱ्या गुडघ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "नाही ना. तुला खाली आणीन. पण अशी नाही आणणार की रोज दार वाजलं की मला वाटावं, ती बाई आली." काकूंनी तोंड फिरवलं. पुढे काही दिवस मायलेकींत कामापुरतंच बोलणं झालं.

पुढचं मी ताईंच्याच तोंडून ऐकलं. त्या नागपूरला त्या बँकेत गेल्या. नवरा शहर सोडून गेला होता, दुकानाच्या जागी दुसरंच काही उभं होतं. बँकेतल्या साहेबाने आश्चर्याने बघितलं, कारण बुडालेलं कर्ज आपल्या पायाने चालत आलेलं त्याने बहुधा पाहिलं नसावं. त्याने आनंदाने सांगितलं की थोडक्यात मिटवून टाकू, अर्ध्या रकमेत तडजोड होईल. हातात पैसे कमी असलेल्या कुणीही त्याचे पाय धरले असते. ताईंनी विचारलं, "तडजोड केली तर माझ्या कर्जाच्या रिपोर्टमध्ये काय शब्द लिहून येईल?" साहेबाने सांगितलं, 'सेटल्ड'. "आणि पूर्ण भरलं तर?" तर 'क्लोज्ड', खातं बंद. पहिल्याचा अर्थ बँकांच्या लेखी असा की या माणसाने सगळे पैसे दिले नव्हते. तो शब्द वर्षानुवर्षं चिकटून राहतो.

त्यांनी पूर्ण भरलं. फ्लॅटसाठी साठवलेलं जवळजवळ सगळं त्यात गेलं. बाकी नसल्याचं पत्र बँकेकडून लिहून घेतलं, तिथेच उभं राहून वाचलं, त्यातली एक चूक दुरुस्त करून घेतली. सासरच्या नावाचं कार्ड जमा केलं आणि ते बंद झालेलं कर्ज आपल्या उरलेल्या कार्डाखाली नोंदवायला अर्ज दिला. म्हणजे जी बाई नागपुरातच राहिली असती तिला त्या स्वतः हात धरून जबलपूरला घेऊन आल्या. स्कूटीवाल्या मुलीचा, म्हणजे माहेरच्या नावाचा, चांगला आकडा धाडकन खाली आला. कडुनिंबाचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला.

मी चिडलो होतो, हे सांगायला हरकत नाही. इतकं सरळ माणूस असू नये असंही मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारख्या वर्गात गेल्या आणि मुलांना नर्मदेचं खोरं शिकवलं.

मग सुरू झाली ती चढण. ताईंनी बँकेत छोटी ठेव ठेवून तिच्यावर एक क्रेडिट कार्ड घेतलं. आम्हाला वाटलं, बाईंनी आता बंड केलं. पण त्या कार्डावर फक्त दोनच गोष्टी घेतल्या जात, गॅसचं सिलिंडर आणि काकूंची औषधं. मर्यादेच्या चौथाईच्या वर खर्च जाऊ द्यायचा नाही, आणि बिल आलं की शेवटच्या तारखेच्या आधी पूर्ण भरायचं. "कमीत कमी इतके भरा म्हणून लिहितात ना सर, ते आपल्या भल्यासाठी नाही लिहीत," त्या म्हणत. कुणी म्हणालं, चार बँकांत विचारून बघा, एखादी देईल. त्यावर त्या हसत. प्रत्येक बँकेने विचारपूस केली की तीही नोंद होते, आणि फार दारं वाजवणारा माणूस अडचणीत आहे असंच सगळ्यांना वाटतं. त्यापेक्षा गप्प बसून वेळेवर भरत राहायचं. त्यांचं औषध एवढंच होतं आणि त्याचा गुण फार हळू येत होता.

शिक्षकांच्या खोलीत त्याची करमणूक झाली. खेळाचे सर रोज विचारत, "दीदी, आज कितने रन?" ताई म्हणत, "टिककर खेल रही हूँ भैया, विकेट नहीं गँवाया." मग एक दिवस तेच सर पडलेल्या चेहऱ्याने आले. त्यांनाही घराचं कर्ज नाकारलं होतं, का ते कळत नव्हतं, आणि रिपोर्ट उघडून बघायची हिंमत होत नव्हती. सहा फुटी माणूस मोबाइल उलटा धरून बसला होता. ताईंनी शेजारी खुर्ची ओढली, हात पुसले. "पहिले वाचू. मग घाबरू." वाचल्यावर निघालं काय, तर मागे कधीतरी हप्त्यांवर घेतलेल्या फोनचा शेवटचा हप्ता भरायचा राहून गेला होता. किरकोळ रक्कम, पण थकबाकी म्हणून वर्षानुवर्षं बसलेली. ती भरली, पत्र घेतलं, काही महिन्यांनी त्यांचं काम झालं. त्यानंतर मधल्या सुट्टीत ताईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली नाही. कुणाच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच माणसाचं कर्ज चढलेलं, कुणी मेव्हण्याला जामीन राहिलेला. मी चित्रकार माणूस, मला त्यात फक्त चेहरे दिसत. येताना सगळे सारखेच घाबरलेले असत, आणि वाचून झाल्यावर निदान कशाला घाबरायचं ते तरी त्यांना कळलेलं असे.

बरीच वर्षं गेली. काकू खिडकीतून पिशवी सोडत राहिल्या. मध्ये एकदा फार आजारी पडल्या, तेव्हा ताई पहिल्यांदा माझ्यासमोर डळमळल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाल्या, "सर, त्या दिवशी रकाना सोडला असता तर आई आतापर्यंत खाली फिरून राहिली असती. मी चुकले का?" मी म्हटलं, "नाही." मला तेव्हा खात्री नव्हती, पण हे सांगणं जरूर होतं.

काकू बऱ्या झाल्या. आणि आकडा एकदाचा साडेसातशेच्या पुढे गेला. ताईंनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. शिपायाने विचारलं, "मैडम, किसका रिजल्ट आया?" त्या म्हणाल्या, "दो लड़कियाँ थीं मेरी. दोनों पास हो गईं."

या वेळचा फ्लॅट पनागरच्या रस्त्याला, गावाबाहेर, आधीच्यापेक्षा लहान. कडुनिंब नव्हता. पण तळमजला होता. बँकेत मी पुन्हा सोबत होतो. ताईंनी फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला आणि दुसऱ्या नावाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात सासरचं नाव लिहिलं. मॅनेजरने रिपोर्ट चाळला, जुने थकलेले हप्ते बघितले, खाली 'क्लोज्ड' बघितलं, आणि विचारलं, "ये जो दूसरा नाम है, ये कौन हैं?"

"मैं ही हूँ," ताई म्हणाल्या. मॅनेजरने मान डोलावली आणि पान उलटलं. इतक्या वर्षांच्या प्रकरणाला त्याने एवढाच वेळ दिला.

नव्या घरात सामान उतरायच्या आधी काकूंनी हातोडी मागितली. खिळा मी ठोकला, पण भिंतीवरची जागा त्यांनी दाखवली. वडिलांचा फोटो वर गेला. मग काकू मोकळ्या झालेल्या खुर्चीकडे बघून मला म्हणाल्या, "बसा जी आता. लय दिवस मोढ्यावर बसवलं तुम्हाले." मी बसलो. ताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पुढची काही वर्षं काकू काठी टेकत रोज संध्याकाळी स्वतः दार उघडून रस्त्यावर जात आणि पनागरहून येणाऱ्या भाजीवालीशी समोरासमोर भांडत. ती हिंदीत, या मराठीत. पालक बहुतेक काकूंच्या भावाने मिळे. मग एका हिवाळ्यात काकू त्याच घरात शांतपणे गेल्या.

घराची पाटी मात्र सांगायची राहिली. ती ताईंनी माझ्याकडून करून घेतली. मी म्हटलं, लाकडावर रंगवून देतो. त्या म्हणाल्या, "रंग उडतो सर. कोरून पाहिजे." आम्ही भेड़ाघाटला गेलो, एका कारागिराकडून संगमरवराची लहानशी फरशी घेतली. मी तिच्यावर पेन्सिलीने अक्षरं काढायला बसलो आणि विचारलं, "काय लिहू?"

"दोन्ही," ताई म्हणाल्या. "पहिले सासरचं. तिनं जास्त भोगलं. माहेरचं खाली." आडनाव कुठलंच नाही. कारागीर छिन्नी चालवता चालवता म्हणाला, "दो बहनों का घर है दीदी?" ताईंनी सांगितलं, "हाँ भैया. झगड़ा था, अब साथ में रहती हैं." पोस्टमनचाही तोच समज झाला. एखाद्या नावाचं पत्र आलं की तो विचारे, "ये वाली दीदी हैं घर पे?" ताई म्हणत, "हाँ, हैं ना. अभी-अभी आई बाहर से."

मागच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. आजारपण लांबलं नाही. कर्ज त्यांनी आधीच फेडून टाकलं होतं, कागद नीट लावून ठेवले होते, घर चुलत भावाच्या मुलीच्या, त्यांच्या भाचीच्या, नावावर केलं होतं. भाचीने मला बोलावलं. घर भाड्याने द्यायचं होतं आणि पाटी तिला स्वतःजवळ ठेवायची होती. म्हणाली, "काका, तुम्ही लिहिली होती. तुम्हीच काढा ना." मराठी ती अडखळत बोलते, पण बोलली.

मी छिन्नी घेऊन दारासमोर उभा राहिलो. पहिले वाचली. दोन नावं, एकाखाली एक, माझ्याच हाताची अक्षरं. वाचून झाल्यावर घाबरायचं होतं, पण मला रडू आलं. भाची आत गेली आणि पाणी घेऊन आली. मग पाटी अलगद सुटली, एक कोपराही तुटला नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर बघतो तर ताईंचं नाव मी कुठेच घातलेलं नाही. दोन होती, कुठलंही चाललं असतं. दोनदा पेन उचललं. पण त्यांनी न वाचलेल्या कागदावर त्यांचं नाव एकदा आलं होतं, आणि ते निस्तरायला त्यांना किती वर्षं लागली ते मी पाहिलं आहे. हा कागद वाचायला त्या आता येणार नाहीत. त्यांनी आयुष्यात एकही रकाना कोरा सोडला नाही, तो हा एक मी सोडतो आहे.